आधी द्यायची हाक

माझी पत्नी युए-ओ हिचे निधन झाल्यानंतर आठव्या दिवशी मी केटलबेल उचलण्यास आरंभ केला. कडी असलेला तो चोवीस किलोचा लोखंडी गोळा माझ्या मेव्हण्याचा होता. तायचुंगला राहायला जाताना तो आमच्या सज्जात ठेवून गेला, आणि सोबत बारा आठवड्यांच्या व्यायामाचा एक छापील कागदही. सोमवारी इतके, बुधवारी इतके, मध्ये विश्रांती, आणि शेवटच्या शनिवारी एकच ओळ: पाच मिनिटांत शंभर वेळा, गुडघ्यांमधून थेट डोक्यावर. मी तो कागद फ्रिजवर चिकटवला. आज काय करावयाचे हे तो सांगत असे. त्या दिवसांत घरात हे सांगणारे दुसरे कोणी नव्हते.

पहाटे साडेपाचला मी सज्जात उभा राहत असे. दुपारी बंदरात जहाजावरचे कंटेनर लोखंडी सळ्यांनी जखडण्याचे माझे काम असे. दोन्हींच्या मधला वेळ कसा जात असे, ते मला आज सांगता येणार नाही.

पाच आठवडे असे गेल्यावर छिउ मावशी घरी आल्या. आमच्या कीलुंग बंदराच्या मासळीबाजारात त्या माकूळ विकतात, वय चौसष्ट. रात्रीचा लिलाव आटोपला की त्या आणि त्यांच्या नऊ मैत्रिणी आठवड्यातून तीनदा क्रीडागृहाच्या हॉलमध्ये संगीतावर सामुदायिक व्यायाम करीत. युए-ओही त्यांच्यात जात असे. त्यांची शिकवणारी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, आणि प्रमाणपत्र असलेला प्रशिक्षक महिना-दोन महिन्यांत मिळाला नाही, तर हॉल दुसऱ्यांना देण्यात येणार होता.

"आ-थो, तू रोज तो लोखंडी भोपळा हवेत उडवतोस म्हणे," मावशी दारातूनच म्हणाल्या. "मग आम्हां म्हाताऱ्यांना नाचवायला तुझं काय जातंय?"

"मावशी, मला नाचता येत नाही."

"आम्हाला तरी कुठं येतं! युए-ओला येत होतं, ती गेली. आता तू ये."

बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच जीभ चावली. मला वाईट वाटले नाही. मावशींच्या बाहीला माशाचे तीन खवले चिकटलेले होते, तेवढे मी पाहिले. नंतर मी होकार दिला. नकार देण्यासाठी कारण सांगावे लागले असते.

प्रशिक्षण सात रविवारांचे होते आणि परीक्षा त्यानंतरच्या शनिवारी. कागदावरचा शेवटचा शनिवारही तोच. ही गोष्ट पहिल्याच दिवशी माझ्या ध्यानात आली, तथापि मी ती कोणास सांगितली नाही.

स्थानकाजवळच्या एका नृत्यशाळेत को बाई आम्हांला शिकवीत. बाई ठेंगण्या, आवाज घोगरा. वर्गाकडे तोंड करून उभे राहायचे. वर्गातल्यांचा उजवा पाय उठावा असे वाटत असेल तर आपण डावा उचलायचा, म्हणजे त्यांना आरशात पाहिल्यासारखे होते. हे मला जमले. जमले नाही ते दुसरे. पुढची हालचाल येण्याच्या चार ठोके आधी तिचे नाव पुकारायचे, असा नियम होता.

केटलबेलचा नियम याच्या अगदी उलट आहे. गोळा डोक्यावर पोहोचला, कोपर सरळ झाले, क्षणभर सर्व स्थिर झाले, की मगच आकडा म्हणायचा. पूर्ण न झालेले मोजायचे नाही, असे कागदावर ठळक अक्षरांत छापलेले होते. पहाटेची ती सवय रविवारी माझ्या तोंडात येत असे. गुडघा वर जाऊन स्थिर झाला, की मी म्हणत असे, "गुडघा."

"ल्येन, तू हाक देत नाहीस, बातमी देतोस," को बाई मला आडनावाने हाक मारून म्हणाल्या.

माझ्याबरोबर शिकणारी पेई-च्युन सव्वीस वर्षांची होती. ती म्हणाली, "दादा, निदान चेहरा तरी हलवा. पासपोर्टचा फोटो काढतायत का तुमचा?"

सगळे हसले. मीही ओठ ताणले.

"नको, नको," ती म्हणाली, "मघाचाच बरा होता."

चौथ्या रविवारी को बाईंनी मला थांबवून घेतले. माझे खांदे जड झाले आहेत, श्वास पुरत नाही, आणि मोजण्याची उलटी सवय जात नाही, असे त्यांचे निदान होते.

"चार आठवडे तो गोळा बाजूला ठेव. परीक्षा झाली की हवा तेवढा उचल."

"बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी सज्जात होतो. मी बाईंना फसवू इच्छीत होतो, असे कृपया कोणी समजू नये. कागद सोडला तर साडेपाचला काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, इतकेच.

तो शनिवार उजाडला. परीक्षा दहाला होती. साडेपाचला मी घड्याळ लावले आणि गोळा उचलला. शंभरावा डोक्यावर स्थिर झाला तेव्हा चार मिनिटे त्रेपन्न सेकंद झाले होते. मी तो खाली ठेवला आणि काही वाटेल म्हणून थांबलो. शेजारच्यांचे कपडे धुण्याचे यंत्र चालू होते. ते बंद होईपर्यंत मी उभा होतो. मग अंडे घातलेली पोळी आणि सोयाबीनचे दूध घेऊन क्रीडागृहाकडे निघालो.

परीक्षेत वर्ग घेऊन दाखवायचा होता, म्हणून छिउ मावशी आणि मैत्रिणी लिपस्टिक लावून आल्या होत्या. त्यांतल्या कालवे विकणाऱ्या आ-मान मावशी मला पाहून म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आपल्याहून जास्त घाबरलाय!"

"घाबरलेला नाही तो," छिउ मावशी म्हणाल्या, "त्याचं तोंडच तसं."

तैपेईहून आलेले परीक्षक थांग साहेब समोर बसले. पहिली चार मिनिटे उत्तम गेली, कारण बायकांना सर्व पाठ होते. मी मागाहून बोललो तरी त्यांचे पाय आधीच जात होते. साहेबांनी ते ओळखले असावे. त्यांनी मला एक कार्ड दाखवले, त्यावर हालचालींचा निराळाच क्रम होता. आता पाठांतराचा उपयोग नव्हता.

मी गुडघा उचलला, तो स्थिर झाला, मग म्हणालो, "गुडघा." तोवर पाच जणी डावीकडे गेल्या होत्या आणि पाच जणी उजवीकडे. छिउ मावशी आ-मान मावशींवर आदळल्या. दोघी हसल्या. दुसऱ्यांदा आदळल्या तेव्हा हसल्या नाहीत. त्या सर्व माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मला पुढचे नाव आठवत होते, पण हालचाल झाल्याखेरीज ते बाहेर येईना. मग माझा हात वर गेला, कोपर सरळ झाले, आणि ध्वनिक्षेपकातून माझाच आवाज आला, "एकेचाळीस."

साहेबांनी संगीत बंद करविले.

"ल्येन साहेब, एकेचाळीस काय?"

"सकाळचे," मी म्हणालो.

मी अनुत्तीर्ण झालो. पुन्हा परीक्षा तीन महिन्यांनी होती. पेई-च्युन उत्तीर्ण झाली, परंतु तिला तैपेईत नोकरी मिळालेली होती. को बाईंनी मला जिन्यात गाठले.

"आज उचललास?"

"हो."

"किती?"

"शंभर."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "आणि त्या दहा बायका?"

एवढे विचारून त्या जिना उतरून गेल्या.

महिनाअखेरीस हॉल टेबल-टेनिसवाल्यांना देण्यात आला. फ्रिजवरच्या कागदाच्या ओळी संपल्या होत्या. सकाळी साडेपाचला मला जाग येई, आणि मी छताकडे पाहत पडून राही. गोळा सज्जातच होता. त्यास मी हात लावला नाही, याचे दुःख झाले नाही आणि बरेही वाटले नाही.

त्यानंतरच्या सोमवारी छिउ मावशींचा फोन आला. "लिलावाच्या शेडमध्ये ये. जमीन धुऊन झालीय. रबरी बूट घाल, घसरशील."

"मावशी, माझ्याकडे प्रमाणपत्र नाही."

"माकुळीनं कधी मागितलं होतं ते? ये मुकाट्यानं."

मी गेलो. नऊ जणी बर्फाच्या रिकाम्या पेट्या बाजूला सारून दोन रांगांत उभ्या होत्या. आ-मान मावशी गिऱ्हाइकात अडकल्या होत्या. संगीत एका मोबाइलवर, प्लास्टिकच्या बादलीत ठेवून लावलेले. मी समोर उभा राहिलो, गुडघा उचलला, तो स्थिर झाल्यावर म्हणालो, "गुडघा."

कोणीही हलले नाही.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही," छिउ मावशी म्हणाल्या. "आम्ही ठरवलंय. तू आधी सांगितलंस तरच हलायचं. नाहीतर उभं राहायचं. आम्हाला काय, रात्रभर उभंच असतो आम्ही."

मी पुन्हा गुडघा उचलला. पुन्हा कोणी हलले नाही. संगीत पुढे जात राहिले. मागच्या रांगेतील एकीने जांभई दिली. नऊ बायका ओल्या जमिनीवर उभ्या होत्या आणि नऊ जणींचे डोळे माझ्यावर होते. समोर कोणताही कागद नव्हता. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून मी उभा राहिलो.

"उजवा गुडघा," मी म्हणालो. माझा गुडघा अजून हललाही नव्हता.

चार ठोके गेले. नऊ गुडघे वर आले. माझा त्यानंतर आला.

"पुढं?" छिउ मावशी ओरडल्या. "अरे, पुढं काय?"

मला ठाऊक नव्हते. तरी मी सांगितले.