काजव्याच्या तोंडचं वाक्य

दोन पुरुषांमधली माया मराठीत आणायला डोंबिवलीच्या विश्रामला एकच शब्द पुरायचा: भावा. सुपरहिरोंची परदेशी कार्टून्स तो डबिंगसाठी मराठीत लिहून द्यायचा. एक हिरो दुसऱ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, पट्टी बांधताना हात रेंगाळला, की विश्राम तिथे 'भावा' घालून मोकळा. तसं कुणी सांगितलं होतं म्हणाल, तर अजिबात नाही. माजिवड्याच्या स्टुडिओच्या मालकीण हेमांगीबाई म्हणायच्या, ओठांशी जुळलं की झालं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. याचं दुधानंही कधी पोळलं नव्हतं, तरी हा फुंकत बसायचा.

काजवा आणि पाषाण या जोडीचं कार्टून त्यानं असंच तीन वर्षं रेटलं. काजव्याचा आवाज साकेतचा, पाषाणचा धनेशचा. डबिंगला जो तो एकटाच काचेच्या खोलीत उभा राहून आपली वाक्यं बोलतो आणि घरी जातो. हे दोघं मात्र एकमेकांच्या दिवशीही येऊन बसायचे. साकेत नौपाड्यातल्या नोकरदार घरातला, धनेश कोलशेतच्या जमीनवाल्या आगऱ्यांचा, पण जेवायचे एका डब्यात. विश्रामला दिसत होतं. त्यानं ते कधी मनातसुद्धा म्हटलं नाही.

शेवटच्या भागात काजवा कोसळलेल्या पाषाणचं डोकं मांडीवर घेतो, म्हणतो, "जिथे तू, तिथे माझं घर," आणि त्याचं नाव घेतो. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी साकेत विश्रामला गाठून म्हणाला, "सर, तिथे भावा नको. नाव घेऊ दे ना."

"अरे, तिथे ओठ मिटतात. भ बरोबर बसतो."

"प लाही मिटतात, सर." साकेत हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. "तीन वर्षं तुम्ही लिहिलंत ते बोललो. हे एक मला खरं बोलायचंय. धनेश ऐकायला येणारे."

विश्रामनं शब्द दिला. घरी जाऊन बदललंही. मग वाटलं, उद्या कुणा आईबापानं तक्रार केली तर? नसती आफत कशाला? त्यानं पुन्हा 'भावा' लिहिलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी साकेतनं पडद्यावरची ओळ वाचली. काचेतून एकदा विश्रामकडे बघितलं. वाद घातला नाही, एका दमात बोलला, भावासकट. बाहेर धनेश हेडफोन लावून बसला होता. त्यानं तो काढून ठेवला, "मस्त झालं," म्हणाला आणि साकेतची वाट न बघता निघून गेला. पावसाळा सरला तसं त्याचं भावनाशी लग्न ठरलं.

एका शब्दावर कुणाची लग्नं ठरतात का, असं विश्राम स्वतःला समजावायचा. समजूत पटायची नाही. त्या पोरानं मागून मागून मागितलं काय, तर एक नाव. तेही आपल्याच्यानं दिलं गेलं नाही, हे त्याला जेवताना आठवायचं आणि तो ताटावरून उठायचा.

धनेशच्या हळदीला तो कोलशेतला गेला तो मान खाली घालूनच. नवरा-नवरीची हळद एकाच मांडवात, मांडव गच्च भरलेला. धनेशची आई आवडाबाई साकेतच्या दंडाला धरून पाहुण्यांना सांगत होती, "यो माजे धनेशचा भावूस हाय." साकेत मान डोलवत होता. आपलाच शब्द या बाईच्या तोंडून ऐकून विश्रामला तिथून पळून जावंसं वाटलं.

तेवढ्यात पोरांना कळलं, हे काजवा आणि पाषाण! डीजेवाल्यानं गाणं थांबवून माईक साकेतच्या हातात दिला. पोरं ओरडायला लागली, शेवटचा डायलॉग, शेवटचा डायलॉग. पाटावर बसलेला धनेश हळदीनं माखला होता. साकेत त्याच्यासमोर उभा राहिला.

"जिथे तू, तिथे माझं घर," तो म्हणाला. मग त्यानं माईक खाली घेतला.

शब्द फुटला नाही, पण तोंड हललं. पोरांनी मागून सुरात "भावा!" ठोकलं, शिट्ट्या पडल्या, डीजे पुन्हा सुरू झाला. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

विश्रामनं मात्र आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडंच वाचली होती. साकेतचे ओठ मिटले नव्हते. म्हणजे भावा नाही. पाषाणही नाही. जीभ दातांना लागली, ओठ थोडे फाकले, शेवटी दातांतून श्वास सुटला. धनेश.

पाटावर धनेशनं डोळे मिटून घेतले होते. भावना हसून कुणाला तरी सांगत होती, हळद डोळ्यांत गेली वाटतं.