दोन नंबरच्या गाडीचं सील

मनीषाला हवा होता फक्त एक पाना. वर्कशॉपचे मेकॅनिक देवराममामा जेवायला गेले होते आणि त्यांची हत्यारांची पेटी उघडीच होती, म्हणून तिने हात घातला. पाना मिळाला, पण त्याच्याखाली तेलकट फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. तिने फडक्याची गाठ सोडली आणि तशीच बघत राहिली.

आत आगीच्या बंबातल्या पंपाची तीन सीलं होती, नवी कोरी. महिन्याभरापूर्वी तिनेच ती स्टोअरमधून काढून मामांच्या हातात दिली होती. दोन नंबरच्या बंबाला एक, तीन नंबरच्या बंबाला एक आणि एक जादा. दोन्ही गाड्यांच्या कागदांवर मामांनी लिहून दिलं होतं, ‘सील बदलले’. खाली सही. आणि सीलं तर इथे पेटीत पडलेली. त्यातल्या एकाचं रबर कुणीतरी ब्लेडने उभं कापलेलं.

मग गाड्यांमध्ये काय बसवलंय?

तिने फडकं होतं तसं गुंडाळलं, गाठ मारली आणि पाना न घेताच बाहेर आली.

महामार्गालगतच्या त्या औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्रात मनीषाला स्टोअर सांभाळायला लागून उणेपुरे सहा महिने झाले होते. तिच्या आधीचा स्टोअरकीपर सुटे भाग परस्पर विकताना सापडला आणि घरी गेला. केंद्रप्रमुख साहेबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “इथे कुणावर भरवसा टाकू नका. डोळे उघडे ठेवा.” तिने ते शब्दशः मनावर घेतलं होतं. स्टोअरची किल्ली ती जेवतानाही नजरेआड करत नसे. माणसंही तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. ती आली की वर्कशॉपमधल्या गप्पा थांबत, हे तिच्या लक्षात आलं होतं.

आणि देवराममामा तर मुळातच अबोल. दिंडोरीकडचे, निवृत्तीला वर्ष उरलेलं. बंबाचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. मनीषाला ते ‘म्याडम’ म्हणत, पण त्या म्याडममध्ये मान कमी आणि कुलूप जास्त होतं.

सीलासारखी वस्तू मुठीत मावते, पण तिच्यावर सगळा पंप उभा असतो. पंपाचा फिरता दांडा जिथून आत शिरतो तिथे ते बसतं. ते नीट असलं तर पाणी बाहेर येत नाही आणि हवा आत जात नाही. एवढं मनीषाला आता कळत होतं. म्हणूनच तिची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी तिने गोरक्षला सहज विचारल्यासारखं विचारलं. गोरक्ष दोन नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर, जागेवर पंपही तोच चालवायचा.

“मामा दर बुधवारी पिशवी घेऊन कुठे जातात रे?”

गोरक्षने इकडेतिकडे पाहिलं. “अंबडच्या बाजूला. भंगारवाल्याकडे. तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. दिसलं म्हणून विचारलं.”

“मला नका विचारू ताई,” म्हणत तो गाडीखाली शिरला. मनीषाला वाटलं, यालाही ठाऊक आहे सगळं.

बुधवारी तिने अर्धा दिवस रजा टाकली आणि रिक्षाने मामांच्या स्कूटरमागे गेली. भंगाराच्या आवारात एका मोडीत काढलेल्या बंबाचा सांगाडा उभा होता, लाल रंगाचे पोपडे निघालेला. मामा त्याच्या मागे उकिडवे बसून पंप खोलत होते. थोड्या वेळाने त्यांनी दांड्यावरून काहीतरी काढलं, फडक्याने पुसलं, उन्हात धरून डोळा बारीक करून पाहिलं आणि खिशात टाकलं. मग आपली भरलेली पिशवी भंगारवाल्याच्या हातात दिली. त्याने आत डोकावून मान डोलावली, हसलाही.

मनीषाने पत्र्याआडून फोनवर दोन फोटो काढले. तिच्या दृष्टीने आता शंकेला जागा नव्हती. नवा माल पिशवीतून भंगारात आणि भंगारातला माल गाडीत.

साहेबांनी फोटो पाहिले, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “लेखी द्या.”

तिने लेखी दिलं. संध्याकाळपर्यंत देवराममामांना वर्कशॉपमधून काढून कंट्रोल रूमच्या फोनवर बसवलं. चौकशी होईपर्यंत कुठल्याही गाडीला हात लावायचा नाही. त्यांनी वाद घातला नाही. पेटीची किल्ली तिच्या टेबलावर ठेवली आणि एवढंच विचारलं,

“त्या नव्या मालावर सही तुझीच ना?”

“हो. माझीच.”

“मंग झालं,” मामा म्हणाले आणि निघून गेले.

हा टोमणा होता की धमकी, हे तिला कळेना. रात्रभर ते ‘मंग झालं’ तिच्या कानात वाजत राहिलं. पहिल्यांदाच त्यांनी तिला म्याडम म्हटलं नव्हतं.

पुरवठादार शेखर मात्र धावत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात सतत ‘ताई’. “ताई, मी तर आधीच म्हणणार होतो, पण म्हातारा माणूस, कशाला नाव घ्या! माझा माल सीलबंद असतो, खोक्यावर कंपनीचं चमकतं लेबल असतं. बसवायला माझाच फिटर पाठवतो.” त्याच्या फिटरने दोन्ही गाड्यांची जुनी सीलं काढली, नवी बसवली. अंगणात पंधरा मिनिटं पंप चालवून पाहिला. पाण्याचा फवारा पार कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गेला. मनीषाने सही केली. तिला हलकं वाटलं.

अकराव्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, पिंपळगाव रस्त्यावर द्राक्षांचे पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका शेडला आग लागली.

दोन नंबरची गाडी पुढे निघाली. जादा होजपाइप, फोमचे कॅन आणि एक छोटा पंप घेऊन मनीषा जीपने मागोमाग पोचली. शेडच्या एका टोकाला धूर होता, दुसऱ्या टोकाला अजून माणसं खोक्यांचे गठ्ठे बाहेर ओढत होती. हिरामण पाण्याचा झोत घेऊन दारातून आत सरकला. पेठकडच्या डोंगरातला हा फायरमन, अंगाने काटक, आगीपुढे कधी मागे न हटणारा. गाडीतलं पाणी सात-आठ मिनिटांत संपलं. पण पलीकडच्या बागेत शेततळं होतं, काठोकाठ भरलेलं. गोरक्षने सक्शनचा जाड पाइप तळ्यात सोडला आणि पंपाने पाणी ओढायला सुरुवात केली.

थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग पंपाचा आवाज बदलला. खोकल्यासारखा, कोरडा. झोत बारीक झाला, थुंकल्यासारखा तुटक येऊ लागला आणि बंद पडला. हिरामणच्या हातातला होज मऊ पडला. आतून ज्वाळ बाहेर आली. दोघांनी त्याला मागे खेचलं, तोवर त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता.

“हवा खातोय!” गोरक्ष ओरडला. त्याने पाइपचे जोड तपासले. जोड घट्ट होते. पंपाच्या मागून मात्र पाणी टपटपत होतं.

तेवढ्यात कंट्रोल रूमचा फोन आला. गोरक्षने स्पीकरवर टाकला. देवराममामांचा आवाज.

“गोरक्ष, झोत तुटतोय का?”

“हो मामा, बंदच पडलाय.”

“दांड्याकडून गळतंय?”

“गळतंय.”

“मंग तळ्यातून वढू नको. तो छोटा पंप हाय ना, जीपवरचा? तो तळ्यावर लाव, त्यानं गाडीची टाकी भर. टाकीतून मार. गळू दे गळलं तर, पण हवा नाय शिरायची. समजलं?”

गोरक्षला समजलं. पाच मिनिटांत झोत पुन्हा सुरू झाला. शहरातून दुसरी गाडी येईपर्यंत त्यांनी निम्मी शेड वाचवली. निम्मी गेली.

मनीषा जीपला टेकून उभी होती. हिरामणला रुग्णवाहिकेत चढवत होते आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: मामांना कसं कळलं? इथून वीस किलोमीटरवर फोनपाशी बसलेल्या माणसाला, कुणी काही सांगायच्या आधी, झोत तुटतोय हे कसं कळलं? पेटीची किल्ली दिली म्हणजे काय झालं, गाडी अंगणातच उभी असते. यानेच तर काही केलं नसेल?

संध्याकाळी तिने गोरक्षला पंप तिच्यासमोर खोलायला लावला. अकरा दिवसांपूर्वी बसवलेलं सील बाहेर आलं. त्याचं रबर भिजवलेल्या वालासारखं फुगलं होतं; बोटाने दाबलं तर चिकट चुरा निघाला. त्यावर कुणी हत्यार चालवल्याची खूण नव्हती.

ती सील हातात घेऊनच कंट्रोल रूममध्ये गेली. मामांनी वळून पाहिलं आणि नजर फोनकडे नेली.

“तुम्हाला आधीच माहीत होतं,” ती म्हणाली.

“मला काय ठाऊक असणार? मी चोर हाय ना?”

“मामा, हिरामणचा हात भाजलाय. मला सांगा.”

त्यांनी खुर्ची फिरवली.

“मागच्या खेपेतलं असलंच एक सील मी घरी चहाच्या पातेल्यात उकळलं व्हतं. अर्धा तास. असंच फुगलं. तू दिलेल्यातलं एक ब्लेडनं कापून पाहिलं, तर वर काळं आन् आत राखेसारखं. खोकं कंपनीचं, माल कुणाचा देव जाणे. अंगणात पंधरा मिनिटं चालेल, आगीवर पंप तापला की तासभर चालायचं नाय. म्हणून मी ते बसवलंच नाय. मोडीतल्या बंबांत कंपनीची जुनी सीलं हायेत, त्यातली चांगली काढायची, लेथवाल्याकडून तोंड घासून घ्यायचं, न् बसवायचं.”

“आणि त्या पिशवीत काय होतं? भंगारवाल्याला दिलीत ती.”

मामांनी तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. “मेथी. घरची. तो पैसे घेत नाय माझ्याकडून.”

मनीषा समोरच्या बाकावर बसली.

“कागदावर ‘सील बदलले’ लिहिलंत, पण कुठलं ते लिहिलं नाहीत. मला एका शब्दाने सांगितलं असतं तर?”

“तुझ्या आधी जो व्हता त्याला सांगितलं व्हतं. दुसऱ्या दिवशी खोक्यांवरची लेबलं बदलली, माल त्योच. मंग तू आलीस. तुझी सही पाहिली आन् म्हटलं, ही बी त्यातलीच.” ते थांबले. “तू तरी कुठं इचारलंस? पेटी उघडलीस, फडकं पुन्हा गुंडाळलंस. गाठ मी उजवीकडं मारतो. तू डावीकडं मारलीस.”

तिला मान वर करवेना.

“आजचं कसं कळलं?” तिने शेवटी विचारलं.

“तळ्यातून वढतायत असं वायरलेसवर ऐकलं. कुठलं सील बसवलंय ते ठाऊक व्हतं. घड्याळ बघत बसलो.”

त्या रात्री तिने दुसरं पत्र लिहिलं. देवराम यांच्याविरुद्धची तक्रार चुकीची होती. नवा माल मी न तपासता सही करून घेतला. तीन नंबरच्या गाडीतलं सीलही ताबडतोब काढावं. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

“कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? पुरवठादाराला तोंडी समज देऊ. आणि स्टोअरमध्ये त्यातली किती सीलं शिल्लक आहेत? माझ्याकडे आणून द्या.”

हे शेवटचं वाक्य साहेबांनी फार सहज म्हटलं होतं. इतकं सहज, की मनीषाच्या मनात पाल चुकचुकली. शेखरला पहिल्यांदा केबिनमध्ये बसवून तिची ओळख कुणी करून दिली होती, ते तिला आठवलं. ‘डोळे उघडे ठेवा’ असं सांगणाऱ्या माणसाने तिचे डोळे नेमके कुठे वळवले होते, तेही.

“आणते साहेब,” ती म्हणाली.

शिल्लक सीलं चार होती. तिने दोन आणून दिली. उरलेली दोन आणि पंपातून निघालेलं फुगलेलं सील तिने पत्राच्या प्रतीसह शहरातल्या एका तपासणी प्रयोगशाळेत नेऊन दिलं, स्वतःच्या नावाने पोचपावती घेतली, आणि त्या पावतीची प्रत थेट वसाहतीच्या संचालक मंडळाला पाठवली. साहेबांना दिलेली दोन सीलं पुन्हा कुणाच्याच नजरेस पडली नाहीत.

अहवालाला तीन आठवडे लागले. रबर हलक्या प्रतीचं, बनावट. शेखरचं नाव पुरवठादारांच्या यादीतून गेलं. त्याने नंतर कधी तिचा फोन उचलला नाही. साहेबांची बदली दुसऱ्या वसाहतीत झाली. ती नियमित बदली होती असं सगळे म्हणाले, आणि म्हणताना एकमेकांकडे पाहत होते. मनीषाला मंडळाने निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद दिली. तिने ती घेतली. ती तिचीच होती.

देवराममामा वर्कशॉपमध्ये परतले. सगळं सुरळीत झालं असं म्हणता यायचं नाही. ते तिच्याशी बोलत, पण तोलून. ती माल मागवे, तेव्हा ते खोकं उलटसुलट करून बघत आणि ती त्यांच्या खांद्यावरून बघे. दोघांनाही त्याचं वाईट वाटत नव्हतं.

दीड महिन्याने हिरामण कामावर आला. हातावरची कातडी गुलाबी, चकाकणारी. पहिल्याच सकाळी तो दोन नंबरच्या गाडीला फेरी मारून आला आणि स्टोअरच्या दारात उभा राहिला.

“ताई, आता हिच्यात काय बसवलंय?”

पूर्वीची मनीषा म्हणाली असती, कागद बघ, सगळं लिहिलंय. ती उठून बाहेर आली.

“मोडीतल्या बंबातलं जुनं सील आहे. कंपनीचंच. मामांनी घासून घेतलं, मी उभी राहून बसवून घेतलं. शेततळ्यावर नेऊन दोन तास पाणी ओढलं. नवीन माल थेट कंपनीकडून मागवलाय, अजून आलेला नाही.”

हिरामणने ऐकून घेतलं. मग तो गाडीच्या मागच्या बाजूला गेला, खाली वाकला आणि चांगला हात दांड्याजवळ फिरवून पाहिला, कोरडं आहे का ते. मनीषाला राग आला नाही. तो उभा राहीपर्यंत ती तिथेच थांबली.