प्रश्न उजवीकडे, उत्तरं डावीकडे

मी एक जुना हेडफोन आहे आणि नुकत्याच झालेल्या तुलनेत तीन महागड्या हेडफोनांना मागे टाकून आवाजात मी पहिला आलो. दहापैकी दहा. मित्रांनो, आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू या. असं काही घडलेलंच नाही. माझ्या नावावर तशी रेघसुद्धा मारलेली आहे.

तर, मी एक जुना हेडफोन आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. डोक्यावरची पट्टी एकीने बसवली, कानांच्या वाट्या दुसरीने, वाट्यांच्या आतले पातळ पडदे तिसरीने. टेबलाच्या टोकाला एक बाई बसायच्या. त्या प्रत्येक हेडफोन नऊ सेकंद कानाला लावायच्या, मान डोलवायच्या आणि पुढे सरकवायच्या. माझ्या वेळी त्यांनी मान डोलवली तेव्हा मला वाटलं, आपल्यात काहीतरी खास आहे. मग माझ्या मागच्या चारशे जणांसाठीही त्यांनी तशीच मान डोलवली. असे धडे लहानपणीच मिळालेले बरे असतात.

तिथून मी आणि माझा जुळा भाऊ एका रेकॉर्डिंग स्टुडिओत नोकरीला लागलो. तिथल्या ध्वनिमुद्रकाला सगळे ‘कानसेन’ म्हणायचे. गाणारा जेवून आलाय की उपाशी, हे त्यांना काचेच्या अलीकडे बसून कळायचं. एकदा त्यांनी ऐन गाण्यात रेकॉर्डिंग थांबवलं आणि म्हणाले, “तबलेवाल्याच्या खिशात किल्ल्या आहेत.” तबलेवाला म्हणाला, “नाहीत.” होत्या. तीन.

अशा माणसाच्या डोक्यावर मी अडतीस वर्षं बसलो. एरवी एवढं कुणी कुणाच्या डोक्यावर बसलं तर माणसं घर सोडून जातात. कानसेन मात्र कौतुक करायचे. “दिसायला यथातथाच आहे,” ते म्हणायचे, “पण खोटं बोलत नाही.” माझी एक उशी फाटली तेव्हा त्यांनी स्वतःच्या जुन्या सदऱ्याची एक बाही कापून ती शिवली. दुसरी फाटली तेव्हा सदऱ्याची दुसरी बाही कापली. सदऱ्याचं पुढे काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी त्यांचा एक नेम असायचा. मला डोक्यावर चढवायचे आणि माइकवर बोटाने टिचकी मारून म्हणायचे, “डावा.” मग दुसरी टिचकी. “उजवा.” माझ्या अंगावरच्या डाव्या-उजव्याच्या खुणा कधीच पुसल्या गेल्या होत्या, पण माझी वायर डाव्या वाटीतून निघते, तेवढं त्यांना पुरायचं. कुणी नव्या माणसाने मला उलटा घातला, की विचारायचे, “घरून येताना चपला उलट्या घालून आलास का? नाही ना? मग कान काय फुकट मिळालेत?”

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात त्यांनी आपल्या चार वर्षांच्या लेकीला स्टुडिओत आणलं. तिला काचेपलीकडे उंच स्टुलावर बसवलं, तिच्या डोक्यावर माझा जुळा भाऊ घातला (तो लगेच घसरून तिच्या गळ्यात गेला) आणि अकरा मिनिटं तिची मुलाखत घेतली. प्रश्नांचा माइक उजव्या कानात वाजणार, उत्तरांचा डाव्या. शास्त्रशुद्ध. ती कॅसेट मग घरातल्या कुठल्यातरी खोक्यात गेली. पुढे माझ्या भावावर कुणीतरी खुर्ची ठेवली. ईश्वर त्याच्या वायरीला शांती देवो.

आता मला एक गोष्ट सांगायची आहे, ती जगात फक्त मला ठाऊक होती. शेवटच्या वर्षी कानसेन माझ्या डाव्या बाजूचा आवाज हळूहळू वाढवू लागले. आधी थोडा, मग बराच. एका सकाळी त्यांनी टिचकी मारली, “डावा” म्हणाले आणि थांबले. पुन्हा टिचकी मारली. माझ्या डाव्या वाटीत ती टिचकी खणखणीत वाजली होती, मित्रांनो. मी शपथेवर सांगतो. पण हेडफोनला सगळं ऐकवता येतं, सांगता काहीच येत नाही.

त्याच महिन्यात ते निवृत्त झाले. “नव्या मंडळींना जागा द्यायला नको का?” असं सगळ्यांना म्हणाले. मला घरी आणलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. तिथे नेलकटर, संपलेल्या बॅटऱ्या आणि एका कुलपाची किल्ली होती. कुलूप कुणाचं ते किल्लीलाही आठवत नव्हतं. कानसेनांनी गाणं ऐकणंच सोडलं. घरात विचारलं तर म्हणायचे, “आयुष्यभर ऐकलं. आता कानांना सुट्टी.” अशी तीन वर्षं गेली.

मग एके दिवशी खण उघडला. लेक आली होती. आता ती पंचेचाळिशीची आहे आणि स्टुलाशिवायही उंच आहे. “बाबा, चला,” ती म्हणाली. “तुम्हाला जगातला सगळ्यात चांगला हेडफोन घेऊन देणार आहे. नाही म्हणायचं नाही.” कानसेनांनी मला पिशवीत टाकलं. “तुलनेला जुना हवा,” म्हणाले. मला कळलं, मला माझ्या सवतीच्या लग्नाला नेत आहेत.

दुकानात पायाखाली जाड गालिचा होता. दुकानदार इतक्या हळू बोलायचा, की आपण आजारी आहोत असं वाटावं. त्याने एक छापील तक्ता काढला: आवाज दहापैकी, आराम दहापैकी. मग काचेवर तिघांना मांडलं. पहिला अक्रोडाच्या लाकडाचा, कोकराच्या चामड्याच्या उश्यांचा. त्याला तिथे ‘महाराजा’ म्हणत. दुसरा सगळा धातूचा. तिसरा जाळीदार, मागून उघडा.

“आणि ऐकायचं काय, तर हे!” लेकीने फोन काढला. “ती कॅसेट सापडली बाबा. माझी मुलाखत. फोनवर उतरवून घेतलीये. मीसुद्धा अजून ऐकली नाही, म्हटलं आधी तुम्ही.”

कानसेनांचा चेहरा मी पिशवीच्या तोंडातून पाहिला. टेपची डावी बाजू म्हणजे तिची उत्तरं. आणि डावा कान म्हणजे भिंत. हे लेकीला कळू द्यायचं नव्हतं. कानसेनांचा कान गेला, हे वाक्य त्यांना तिच्या डोळ्यांत वाचायचं नव्हतं.

महाराजा चढला. टेप सुरू झाली. उजव्या कानात स्वतःचाच तरुण आवाज: “तुझं नाव काय?” मग शांतता. “बरं, मोठी झाल्यावर कोण होणार?” शांतता. मग टेपवरचे कानसेन खो-खो हसले. कशाला हसले, ते खुर्चीतल्या कानसेनांना कळेना.

“कसा आहे?” लेकीने विचारलं.

“आराम आहे. डोक्यावर आहे हेच कळत नाही,” कानसेन म्हणाले. “पण आवाज बंद खोलीतला वाटतो. आवाज तीन.”

धातूचा चढला. पुन्हा शांतता, पुन्हा हसू. “खालचा आवाज दमदार आहे. पण वजन? डोक्यावर इस्त्री ठेवल्यासारखं वाटतं. शिवाय काहीतरी कमी आहे. चार.”

जाळीदार चढला. “हा मोकळा वाजतो. आपण मैदानात बसलोय आणि... आणि मैदानात कुणीच नाही. चार.”

“काका,” दुकानदार कुजबुजला, “या तिघांची बरोबरी करणारा या गावात चौथा नाही.”

“मग गावाचाच दोष,” कानसेन म्हणाले. त्यांचा हात डाव्या कानाशी गेला होता. लेक त्याच हाताकडे पाहत होती.

तिने पिशवीतून मला काढलं. “राहू दे. आपलाच घाला एकदा,” म्हणत स्वतःच त्यांच्या डोक्यावर चढवलं. खुणा नाहीत, वायरीचं तिला ठाऊक नाही. तिने मला उलटा घातला.

“अगं, उलटा! चपला कधी—” कानसेन म्हणाले आणि तिथेच थांबले.

कारण टेप सुरू झाली होती, आणि या वेळी प्रश्न भिंतीत गेले.

“तुला माहितीये की,” चार वर्षांचा एक आवाज वैतागून म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “उंच.” मग, “वाघ नाही ओरडणार, तो झोपलाय.” मग बराच वेळ स्टुलाची कुरकुर. मग, “बाबा, तू तिकडे काचेत का बसलायस? इकडे ये ना.”

मित्रांनो, मी अडतीस वर्षांत पुष्कळ मोठ्या गळ्यांची गाणी वाजवली आहेत. पण असं काही वाजवलं नव्हतं.

कानसेन अकराच्या अकरा मिनिटं हलले नाहीत. माझी सदऱ्याची उशी ओली झाली. घामाने, असं तक्त्यात लिहावं लागेल.

“डावा कान गेलाय माझा,” शेवटी ते म्हणाले. “तीन वर्षं झाली.”

“मला माहितीये, बाबा,” लेक लहानपणीच्या ‘तू’वर येत म्हणाली. “तू मला जेवताना नेहमी उजवीकडे बसवतोस.”

ती उजवीकडेच बसली होती. दुकानदाराने घसा खाकरला. “काका, मग महाराजा उलटा घालून बघू या? किंवा दोन्ही बाजू एकाच कानात आणता येतात. एक बटण—”

“बटण मला शिकवतोस?” कानसेन नाक पुसत म्हणाले. “चाळीस वर्षं बटणंच दाबली. उलटा घालायचं मात्र सुचलं नाही बघ. आणि प्रश्न कशाला हवेत? प्रश्न माझे पाठ आहेत.”

त्यांनी तक्ता ओढला आणि सगळ्यांत खाली मला लिहिलं. आवाज: दहा. आराम: चार, चष्म्याची दांडी टोचते. पुन्हा खरं बोलू लागलेल्या माणसाच्या डोक्यावर बसलं की हे असं होतं. दुकानदाराने लगेच माझ्या नावावर रेघ मारली. मी विकाऊ नसल्याने नियमात बसत नव्हतो. म्हणून म्हटलं, असं काही घडलेलंच नाही.

आता मी खणात नाही, उशाशी असतो. रोज संध्याकाळी अकरा मिनिटं, उलटा. मित्रांनो, हेडफोनचा आवाज बेताचा ठेवा, कानांना अधूनमधून विश्रांती द्या, आणि घरातल्या कुणी तुम्हाला नेहमी एकाच बाजूला बसवलं तर तिथेच बसा.

शेवटी संबंधित खात्यास एक अर्ज. महोदय, श्री. कानसेन यांचा डावा कान हा कोणतीही पूर्वसूचना न देता सेवानिवृत्त झाला आहे. त्याची मागील सेवा निष्कलंक आहे, त्यास मी साक्षीदार आहे. तरी सदर निवृत्ती रद्द करून त्यास दररोज फक्त अकरा मिनिटांसाठी पुन्हा कामावर रुजू करून घ्यावे, जेणेकरून बाप आणि लेक एकाच वेळी बोलताना ऐकू येतील, ही नम्र विनंती.

सोबत: एक उशी (ओली).