मी शून्य नव्हे!

मी एक जुनी रिकामी खूण आहे. संगणकाच्या भाषेत मला 'नल' म्हणतात. मित्रांनो, मला शून्य समजू नका! शून्य हे उत्तर आहे. मी आहे म्हणजे उत्तरच आलेले नाही. हे सांगून सांगून माझा जीव मेटाकुटीला आला आहे.

एका आत्याबाईंच्या अंडी उबवण्याच्या यंत्रात मी कामाला होते. प्रोग्राम त्यांच्या भाच्याने लिहिला होता. तापमापकाकडून आकडा आला, की यंत्र हीटर कमी-जास्त करी. आकडाच आला नाही, की त्या जागी मी बसे, हीटर बंद होई आणि घंटा वाजे. "हे झकास केलंस हो!" असे आत्याबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

पुढे तापमापकाची तार सैल झाली. ती उठसूट निसटे आणि घंटा वाजे.

"अरे, ही तुझी भवानी गप्प बसेल का? कान किटले माझे!"

"आत्या, तार घट्ट करायला हवी."

"तारबीर नंतर. आधी हिला घालव."

भाच्याने मला काढले आणि माझ्या जागी शून्य बसवले. घंटा थांबली. तार तशीच राहिली! मी प्रोग्रामच्या जुन्या प्रतीत अडगळीसारखी पडले.

एका दुपारी तार पुन्हा निसटली. यंत्राला वाटले, आत शून्य अंश, कडाक्याची थंडी! हीटर भडकला. पिल्ले आतून कवच टोचू लागली होती हो! मी ओरडणार कशी?

आत्याबाईंनी दाराला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. घाईघाईने दार उघडले, तर फक्त खालच्या कोपऱ्यातून चिवचिव येत होती. बाकी सगळे गप्प. त्यांनी भाच्याला हाक मारली.

"आत थंडी आहे म्हणत होतं रे हे!"

"त्याला काही कळतच नव्हतं, आत्या."

"मग कळत नाही म्हणायला तोंड नव्हतं त्याला?"

"होतं," भाचा खालमानेने म्हणाला. "आपणच काढून टाकलं."

त्याच दिवशी मी परत आले. अजूनही घंटा वाजली, की आत्याबाई "आली मेली!" म्हणून करवादतात. शिव्या मलाच. पण तार घट्ट करायला पेचकस घेऊन उठतात.

मित्रांनो, मी दिसले की घाईने काहीबाही भरून मला बुजवू नका. आधी तार बघा. आत कुणीतरी कवच टोचत असेल.