चिंध्यांच्या वर्गातला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण लग्नात मिरवणारा नव्हे. संगणकाच्या पडद्यावर चिमट्याने अडकवतात ना, तसला, इवल्याशा डोळ्याचा. माझं नशीब बघा, मी बसतो पडद्याच्या डोक्यावर आणि पडद्यावर काय चाललंय ते मलाच दिसत नाही! मला दिसतं ते फक्त समोरच्या माणसाचं तोंड. बाकी सगळं कानावर.

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. कोणी हौसेने घडवलं वगैरे नाही. पट्ट्यावरून सरकत आलो आणि खोक्यात पडलो, एवढंच. तिथून फिनलंडमधल्या हामे प्रांतात, एका खेड्यात, हिल्काच्या घरी आलो. तिचा मुलगा परदेशी गेला तेव्हा त्याच्याशी बोलायला मीच लागायचो, म्हणून माझे फार लाड झाले. पुढे त्याने आईला नवा फोन घेऊन दिला आणि माझी रवानगी झाली खणात, गंजक्या किल्ल्यांच्या शेजारी. वाईट वाटलं हो. का नाही वाटणार?

हिल्का गावच्या सभागृहात मागावर विणायला शिकवायची. जुने शर्ट, चादरी फाडायच्या आणि त्या चिंध्यांच्या सतरंज्या करायच्या. एका हिवाळ्यात सभागृहाचे नळ गोठून फुटले, लाकडी जमीन फुगली आणि दाराला कुलूप लागलं. प्रौढशाळेच्या मार्युतबाईंनी सांगितलं, "एक वर्ग व्हिडिओवर घेऊन दाखवा. मी स्वतः बसेन. लोक मिळून काम करताना दिसले तर वर्ग राहील, नाहीतर माग विकावे लागतील." हिल्काचा सगळा जीव त्या मागांत. फोनच्या इवल्या पडद्यावर एवढी माणसं मावणार नव्हती, म्हणून तिने खण उपसला, मला फुंकर मारली आणि संगणकाच्या पडद्यावर बसवलं. मी मनात म्हटलं, बाबा रे, आता लाज राख!

काम असं ठरलं होतं : गावच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, कपडे बदलायच्या खोलीसाठी एक लांबलचक सतरंजी करायची. प्रत्येकाने घरच्या छोट्या मागावर आपापला तुकडा विणायचा आणि शेवटी सगळे जोडायचे. कुणाचा रंग कुणाशेजारी, ते मात्र आज एकत्र ठरवायचं होतं.

सगळे वेळेवर हजर झाले. हिल्काने विचारलं, "सुरुवात कुठल्या रंगाने करू या?"

कोणी हूं की चूं केलं नाही.

आता हिल्का मूळची पूर्वेकडची, कारेलियाची. तिकडची माणसं बोलकी. हामेच्या माणसाला प्रश्न विचारला की तो आधी विचार करतो, मग खिडकीबाहेर बघतो, मग बोलतो. सभागृहात हे खपून जायचं, कारण तिथे माग खडखडत असायचे. इथे कसली खडखड? हिल्काला ती शांतता सोसवेना. "लाल घेऊ या का? नको, लाल फार भडक. मग हिरवा? तुम्हाला काही सुचतंय का? नाही? बरं, राखाडी चालेल..." बाई थांबेचना! पलीकडे कोणी "मला वाटतं" म्हणून तोंड उघडलं, की हिची गाडी पुन्हा सुरू. मला ते ऐकू येत होतं, तिला नाही. पण मी करणार काय? मला डोळा आहे, कान आहे, जीभ कुठे आहे?

तिच्या मानेवर लाल चट्टे उठले. "आपण कॉफीची सुट्टी घेऊ या," असं कसंबसं म्हणून ती स्वयंपाकघरात पळाली. तिथे तिचा नवरा वेइक्को दालचिनीच्या पावावर ताव मारत होता. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं माझ्या कानावर येत होतं.

"संपलं सगळं," हिल्का रडवेली झाली. "एक जण तोंड उघडत नाही. गेले माझे माग!"

"आधी कॉफी घे," वेइक्को म्हणाला. "तोंडात घोट असला की माणसाला बोलता येत नाही."

"टोमणे मारायला बरं सुचतं तुला!"

"सुचतं गं. लग्न झाल्यापासून बोलायची संधी तेवढी मिळाली नाही."

इकडे माझ्यासमोर रिकामी खुर्ची. आणि काय सांगू मित्रांनो, पलीकडून एक घसा खाकरला!

"माझ्याकडे वडिलांची पट्ट्यापट्ट्यांची विजार आहे," पेन्टी म्हणाला. हा पूर्वी गावची बस चालवायचा.

बराच वेळ गेला. मग म्हाताऱ्या ओर्वोक्कीचा आवाज आला, "दाखव की मग. लपवतोस काय?"

"ही बघ."

"अगंबाई! ही अजून टाकली नाहीस? पण माझ्या पिवळ्या चादरीशेजारी शोभेल हो."

"शोभेल. मधे काहीतरी गडद हवं मात्र."

हिल्का कप घेऊन दारात आली आणि जागीच थबकली. तिचे ओठ हलले. ती बोलणार, तोच तिने कॉफीचा मोठा घोट तोंडात भरला. चांगलंच पोळलं असणार, डोळ्यांत पाणी आलं. पण तिने तो तोंडातच धरून ठेवला.

"गडद हवं असेल तर..." हा आवाज मार्युतबाईंचा होता. एवढं बोलून त्या गप्प झाल्या. हिल्काचे डोळे विस्फारले, पण ती थांबली. थांबून राहिली.

"माझ्या आईचा निळा झगा आहे," मार्युतबाई हळूच म्हणाल्या. "ती गेल्यापासून कपाटात तसाच टांगला होता, आज काढून मांडीवर घेतलाय. एकटीने कात्री लावायचा धीर होत नाही. तुमच्याबरोबर बसून लावीन म्हणते. हिल्का, मला शिकवाल का?"

हिल्काने घोट गिळला. "मंगळवारच्या वर्गाला या," ती म्हणाली. बस्स, एवढंच! तिच्या तोंडून इतकं लहान वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

मित्रांनो, जुनी वस्तू खणात पडली म्हणून ती निकामी झाली असं समजू नका, हे तर मी सांगणारच. पण आणखी एक मागणं आहे. पडद्यापलीकडचं माणूस गप्प बसलं, तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. जरा थांबा. कदाचित ते मांडीवर आईचा झगा घेऊन बसलेलं असेल.