सगळ्यांनी मणकेच पाहिले

मी एक्स-रेची फिल्म बोलतेय. जानू तांडेलाच्या आतड्याचा फोटो माझ्यावर आहे. आतड्याचा! कंबरेचा नव्हे.

माझा जन्म रत्नागिरीतल्या एका दवाखान्यातला. जानूला शौचातून रक्त जात होतं. डॉक्टरांनी त्याला कुशीवर निजवलं आणि मागच्या वाटेनं, नळीनं, बेरियमचं पांढरं औषध आत सोडलं. औषध पसरलं तसं त्याचं आतडं माझ्यावर पांढरंशुभ्र उमटलं. चांगलं रुंद होतं; फक्त डावीकडे एका जागी दोरीनं करकचून आवळावं तसं चिमटलेलं.

डॉक्टर म्हणाले, "इथे काहीतरी वाढतंय. आता कॅमेऱ्याची नळी घालून आतून बघायला हवं. थांबू नका."

"परत नळी? तिथूनच?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली, आणि तिथेच सगळं बिनसलं.

वादळात होडी हाकणारा हा गडी, पण लाजेनं गळाठला. रिपोर्टचा कागद त्यानं वाटेतच फाडून टाकला. मी काही फाटेना. मग घरी येऊन बायकोला, बकुळाला, म्हणाला, "कंबरेचा फोटो काढला गो. मणका सरकलाय."

झाली माझी विटंबना सुरू! आमच्या वाडीत आजाऱ्याला बघायला येणारा चहाच्या आधी फोटो मागतो. जो तो मला खिडकीशी धरी. आतड्यामागे पाठीचे मणकेही दिसतात ना, ते सगळ्यांना बरोबर दिसले.

"हा बघ, हा वाकडा झालाय," शेजारचा विठू म्हणाला.

वाडीतल्या यमुनाबाईंनी तर मला उलटं धरलं आणि तरीही मान डोलावली. "पण बकुळा, हे पांढरं काय गो?"

"वात असेल," विठूच बोलला. "वात असाच दिसतो."

मेल्या, वाताचा फोटो कधी निघतो का? पण विठूवर माझा राग नाही. तो बिचारा रोज तेल कोमट करून कंबर चोळायला यायचा. राग जानूचा! पालथा पडून "आज बरं वाटतंय" म्हणायचा, आणि मग संडासात जाऊन गुपचूप रक्तावर पाणी ओतायचा. खोटारडा!

नारळी पौर्णिमा झाली, जानू होडी घेऊन बाहेर पडला. जयगडच्या पुढे त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं, ओकाऱ्या थांबेनात. खलाशांनी जाळं अर्धवट ओढून होडी फिरवली.

बकुळा मला काखोटीला मारून इस्पितळात धावली. "डॉक्टर, हा यांच्या कंबरेचा फोटो."

डॉक्टरांनी मला दिव्याच्या काचेवर लावलं. "बाई, हा आतड्याचा आहे. आतडं बंद होत आलं होतं तेव्हाच. इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

बकुळा जानूच्या खाटेकडे वळली. "ओ, पाटीभर मासळीची आतडी रोज ह्या हातांनी काढते मी. तुमच्याच आतड्याची मला शिसारी येणार होती?"

जानूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "लाज वाटली गो."

"लाजेपायी माझं कुंकू पुसायला निघालात?" ती ओरडली, आणि त्याचा हात घट्ट धरून बसली.

आता त्याला ऑपरेशनला आत नेलंय. दार अजून बंद आहे. मी बकुळाच्या मांडीवर आहे, तिच्या हाताच्या घामानं ओली झालेली. माणसांनो, रक्त दिसलं तर घरात बोला, डॉक्टरांशी बोला. मला दिसत होतं, पण सांगता येत नव्हतं. तुम्हाला तोंड आहे.