ढलप्या पडतात तिथे

जुईनगरच्या एका ऑफिसात मी साफसफाईला होते. सुपरवायझर अंगचटीला यायचा. एचआरच्या हादिया मॅडम म्हणाल्या, "सत्यभामाताई, लेखी तक्रार द्या. इंग्रजीत म्हणतात ना, चिप्स पडतील तिथे पडू देत."

"वेफर्स?"

त्या हसल्या. "ढलप्या हो! लाकूडतोड्या घाव घालतो, ढलप्या कुठे उडतात ते बघत नाही. म्हणजे, परिणामांची पर्वा करायची नाही."

मी तक्रार दिली. त्याला कामोठ्याच्या ऑफिसात केबिन मिळाली. मला म्हणाले, उद्यापासून येऊ नका.

काल मॅडमचाच फोन. "तुमचं धाडस ग्रेट होतं हां!"

"मॅडम, माझा बाप सुतार होता," मी म्हटलं. "ढलप्या पडल्या तिथे राहत नाहीत. आई त्या गोळा करून बंबात जाळायची."